थोरल्या बाईंचं नाव काय होतं?

जात पडताळणीची फाइल ज्यांनी कधी तयार केली आहे, त्यांना वंशावळ म्हणजे काय हे सांगायला नको. सगळ्यात वर मूळ पुरुष, त्याच्या खाली त्याची मुलं, मग नातवंडं, शेजारी चुलत आजोबा, काका, चुलत भाऊ आणि अगदी तळाला आपण. सेतू केंद्रातला माणूस दहा मिनिटांत टाइप करून देतो, प्रतिज्ञापत्रावर शिक्का बसतो, आपण सही ठोकतो आणि पुढच्या रांगेत जाऊन उभे राहतो.

तो कागद घरात असेल तर एकदा पुन्हा काढा आणि त्यातल्या बायका मोजा. बहुतेकांचा आकडा शून्य येईल. चार-पाच पिढ्यांची माणसं ओळीने जन्माला आली आहेत, पण त्यांच्यापैकी एकालाही आई नाही!

सरकारी फॉर्मचं एक वेळ समजू शकतं. जात वडिलांच्या बाजूने बघतात, म्हणून फॉर्म तेवढंच विचारतो. पण घरात आजोबांनी हौसेने लिहिलेली वंशावळ पाहिलीत, तर तिथेही फार वेगळं चित्र नसतं. पुरुषांची नावं, क्वचित त्यांच्या बायकांची नावं, आणि मध्येच कुठेतरी लिहिलेलं असतं : ‘पत्नी पहिली’, पुढे एक रेघ. नाव नाही. ‘पत्नी दुसरी’, पुढे नाव, मुलांची नावं, सगळं व्यवस्थित.

ही रेघ कोण होती? शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी, इंग्रजांच्या राज्यात जगून गेलेली, आपल्याच घरात लग्न होऊन आलेली ही मुलगी शोधता येते का? येते, पण त्यासाठी जुने कागद जरा वेगळ्या नजरेने वाचावे लागतात.

एवढ्या पहिल्या बायका गेल्या कुठे?

त्या काळात मुलींची लग्नं आठव्या-दहाव्या वर्षी व्हायची. मूल होताना बाई दगावणं नेहमीचं होतं. त्यात १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, पुढच्या वर्षी पुण्यात त्याने थैमान घातलं. १९१८ मध्ये इन्फ्लुएन्झाची साथ आली. बायको गेली की नवऱ्याचं दुसरं लग्न लगेच व्हायचं. विधवेला मात्र तसं करायला परवानगी नव्हती. १८५६ मध्ये विधवाविवाहाचा कायदा झाला खरा, पण अनेक जातींत समाजाने तो मानला नाही.

हे मोठमोठ्या घरांतही घडलं. महादेव गोविंद रानडे यांच्या पहिल्या पत्नी सखुबाई १८७३ मध्ये गेल्या आणि त्याच वर्षी त्यांचं दुसरं लग्न झालं. नवी नवरी अकरा वर्षांची होती. तीच पुढे रमाबाई रानडे. महर्षी कर्वे यांच्या पहिल्या पत्नी राधाबाई १८९१ मध्ये वारल्या. सखुबाई आणि राधाबाई ही नावं आपल्याला माहीत आहेत, कारण त्यांचे नवरे मोठे झाले, त्यांची चरित्रं लिहिली गेली. तुमच्या-माझ्या खापरपणजोबांचं चरित्र कोण लिहिणार? त्यामुळे त्यांच्या घरातल्या सखुबाई रेघ होऊन राहिल्या.

नाव बदललं की धागा तुटतो

बरं, नाव मिळालं तरी ते कुठलं, हा पुढचा प्रश्न. लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने नवरीचं नवं नाव लिहायची पद्धत तुम्ही पाहिली असेल. आज आपण त्याचे रील करतो. तेव्हा त्या अंगठीखाली मुलीचं आधीचं अख्खं नाव पुसलं जायचं.

एक गंमत बघा. रमाबाई रानडे या लग्नाआधी यमुना कुर्लेकर होत्या. १८८६ मध्ये अमेरिकेत डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी याही लग्नाआधी यमुनाच. आणि कर्व्यांच्या दुसऱ्या पत्नी आनंदीबाई म्हणजे आधीच्या गोदूबाई. म्हणजे ‘यमुना’ शोधत गेलात तर रमाबाईही सापडतील आणि आनंदीबाईही, आणि ‘आनंदीबाई’ शोधत गेलात तर यमुना आणि गोदूबाई. सासरचं नाव, माहेरचं नाव, माहेरचं आडनाव आणि गाव या चार गोष्टी जुळल्या, तरच ती बाई खऱ्या अर्थाने सापडली असं म्हणायचं.

कागदात ती कडेला उभी असते

जुन्या कागदांत बाई मुख्य ओळीत फार कमी येते. ती कडेला, कुणाच्या तरी नावाला चिकटून येते. त्यामुळे आधी काही शब्द ओळखता यायला हवेत.

‘बिन’ आणि ‘वलद’ म्हणजे अमक्याचा मुलगा. ‘कोम’ किंवा ‘भ्र.’ दिसलं की थांबा. भ्र. म्हणजे भ्रतार, म्हणजे नवरा. ‘गंगाबाई भ्र. अमुक’ म्हणजे अमक्याची बायको गंगाबाई. ‘अ.पा.क.’ हे आणखी कामाचं. अज्ञान पालन कर्ता. वडील गेले, मुलगा अज्ञान, म्हणजे लहान आहे, अशा वेळी जमिनीच्या नोंदीत त्याच्या नावापुढे ‘अ.पा.क. आई’ असं लिहून आईचं नाव येतं. कित्येक घरांत पणजीचं नाव लिहिलेला हा एकच सरकारी कागद असतो.

आणि ‘कुटुंब’! आपण हा शब्द वाचला की आई-बाबा-मुलं असा फोटो डोळ्यांसमोर आणतो. जुन्या मराठीत कुटुंब म्हणजे बायको. ‘कुटुंब वारले’ याचा अर्थ सगळं घर नाही, बायको वारली.

आता कागद कुठले? पहिला, फेरफार. जमीन एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर जाते तेव्हा तलाठ्याकडे होणारी नोंद. काही जिल्ह्यांतले जुने फेरफार आणि सातबारे स्कॅन करून सरकारने ऑनलाइन ठेवले आहेत, बाकीचे तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात मिळतात. पण इथे एक मेख आहे. जमिनीचा कागद वारसांची नावं लिहितो, म्हणजे मागे राहिलेल्यांची. नवऱ्याच्या आधी गेलेली बाई वारस होतच नाही. म्हणजे आपली ‘पत्नी पहिली’ सगळ्यात मोठ्या सरकारी दप्तरातून नियमानुसारच बाहेर राहते.

दुसरा, गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक. गावातले जन्म-मृत्यू यात लिहिले जायचे. कुणबी नोंदींच्या निमित्ताने गेल्या दोन-तीन वर्षांत या वहीचं नाव घराघरांत पोचलं आहे. इथेही नावाऐवजी ‘अमक्यास मुलगी झाली’ किंवा ‘अमक्याची बायको’ अशी नोंद सापडू शकते, हे धरून चाला. नाव नसलं तरी तारीख मिळते आणि तारीख ही अर्धी लढाई असते.

जुनी नोंद बहुतेक मोडीत असेल. आणि साल नेहमी इसवीच असेल असंही नाही. शके असेल तर ७८ मिळवा (वर्षाच्या शेवटच्या तीन-एक महिन्यांसाठी ७९). मराठवाड्यातल्या कागदात फसली सन असेल, तर साधारण ५९० मिळवा. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे तिथले कागद उर्दूतही असतात.

देवघर, पोथी आणि उपाध्ये

सरकारने विसरलेली बाई घराने पूर्ण विसरलेली नसते. तुमच्या देवघरात चांदीचे टाक असतील तर ते कुणाकुणाचे आहेत, हे आजीला विचारा. खंडोबा, भवानी यांच्या शेजारी एखादा बाईचा टाक निघतो. पूर्वी दुसरेपणावर दिलेली बायको सवतीचा टाक गळ्यात घालायची. गेलेल्या बाईने त्रास देऊ नये ही त्यामागची भीती. भीतीपोटी का होईना, तिची आठवण दुसरीच्या गळ्यात राहिली.

दुसरी खूण पितृपक्षात सापडते. भाद्रपद वद्य नवमीला अविधवा नवमी म्हणतात. नवरा जिवंत असताना गेलेल्या बाईसाठी हा दिवस असतो. तुमच्या घरात कधीकाळी ही नवमी पाळली जायची असं कुणी म्हणालं, तर विचारा : कुणासाठी? महालय श्राद्धात तर नावांची यादीच म्हणावी लागते. त्यात आई, आजी, पणजी असतात, आणि सापत्नमाता, म्हणजे सावत्र आई, हीसुद्धा असते. जुन्या पोथीत घडी घालून ठेवलेला असा यादीचा कागद कित्येक घरांत आहे. वंशावळीत नसलेली बायकांची नावं त्यात असतात.

तिसरी जागा, तीर्थक्षेत्रातले उपाध्ये. नाशिक, त्र्यंबकेश्वर इथे गेलेल्या यात्रेकरूंची नावं त्यांच्या चोपड्यांत पिढ्यान्‌पिढ्या लिहिलेली आहेत. आडनाव आणि मूळ गाव सांगितलं की तुमचे उपाध्ये कोण हे कळतं. कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडे हेळवी लोक घरोघर येऊन वंशावळ सांगतात, त्यांच्याकडेही चोपड्या असतात. ख्रिस्ती घरांसाठी चर्चमधली बाप्तिस्म्याची रजिस्टरं आहेत. गोव्यात तर पोर्तुगीज काळातल्या जन्मनोंदीत दोन्हीकडच्या आजी-आजोबांची नावं असतात. म्हणजे एका कागदात आईचं माहेरही सापडतं.

आणि ज्यांच्याकडे जमीन नव्हती, पोथी नव्हती, ज्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत त्यांचं काय? तिथे कागदापेक्षा आवाज कामाला येतो. जात्यावरच्या ओव्यांमध्ये बायकांनी माहेरचं गाव, भावाचं नाव, वडिलांचं नाव गुंफून ठेवलं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी सहकाऱ्यांसह अशा लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या. आज त्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या अर्काइव्हमध्ये ऐकता येतात. तुमच्या आजीला एखादी ओवी येत असेल तर मोबाइल काढा आणि रेकॉर्ड करा. शब्द सगळे कळले नाहीत तरी चालतील.

आमच्या घरातल्या ‘थोरल्या’

हे सगळं मी सांगते आहे कारण आमच्या वंशावळीतही तशी रेघ आहे. चुलत आजोबांच्या लांब वहीत खापरपणजोबांच्या नावापुढे दोन बायका आहेत. आम्ही सगळे दुसरीचे. पहिलीचं नाव नाही.

आजीला विचारलं तर ती म्हणाली, ‘‘त्या थोरल्या. देवघरात आहेत की!’’ देवघरातला तो छोटा, झिजून गुळगुळीत झालेला टाक त्यांचा होता. आजी रोज त्याला हळदकुंकू वाहत होती, पण नाव तिलाही माहीत नव्हतं. तिच्या सासूबाईही ‘थोरल्या’च म्हणायच्या.

नाव मिळालं ते पणजोबांच्या पोथीतल्या महालयाच्या यादीत. पणजोबा दुसरीचा मुलगा, त्यामुळे पहिली त्यांची सापत्नमाता. त्यांच्या बारीक अक्षरात ‘सापत्नमाता’ आणि पुढे नाव. पण हे नाव नक्की तिचंच का, हे कसं ठरवायचं? मग नाशिकला गेलो. उपाध्यांच्या चोपडीत खापरपणजोबांच्या दोन यात्रा निघाल्या. दोन्ही मोडीत होत्या, मोडी येणाऱ्या एका काकांनी वाचून दिल्या. पहिली शके १८१७ ची. त्यात मातोश्री आणि कुटुंब, आणि कुटुंबाचं नाव यादीतलंच. दुसरी शके १८२० ची. त्यात कुटुंबाचं नाव वेगळं, म्हणजे आमच्या खापरपणजीचं.

म्हणजे १८९५ ते १८९८ या तीन-चार वर्षांत थोरल्या गेल्या. प्लेगची वर्षं ती हीच. लगेच ‘प्लेगने गेल्या’ असं लिहून टाकावंसं वाटतं. पण तसं कुठल्याच कागदात नाही, म्हणून वहीत आम्ही फक्त सालं लिहिली. माहेरचं नाव आणि गाव यांच्यापुढे अजून प्रश्नचिन्ह आहे.

त्यांचं नाव मी इथे छापत नाही. आजी म्हणाली, ‘‘सव्वाशे वर्षांनी मिळालंय, आधी घरात तरी वापरू दे.’’ आता ती हळदकुंकू वाहताना नाव घेते.

डीएनए टेस्ट करून कळेल?

हा प्रश्न माझ्या कॉलेजमधल्या प्रत्येकाने विचारला. त्याला एक भारी उदाहरण आहे. ब्रिटनच्या राजघराण्यातल्या प्रिन्स विल्यमच्या आईकडच्या एका पूर्वज बाईचं नाव एलायझा केवार्क. ती सुरतेत राहायची. ईस्ट इंडिया कंपनीत काम करणारा थिओडोर फोर्ब्स हा स्कॉटिश माणूस तिच्यासोबत राहिला, त्यांना मुलं झाली. पुढे फोर्ब्स मुंबईला आला, एलायझा मागे राहिली. मुलगी कॅथरीनला लहानपणीच स्कॉटलंडला पाठवलं गेलं. १८२० मध्ये फोर्ब्स बोटीवर वारला. इंग्लंडमधल्या वंशजांच्या सांगण्यात एलायझा ‘आर्मेनियन’ होती. २०१३ मध्ये तिच्या दोन दूरच्या वंशजांची मायटोकॉन्ड्रियल डीएनए चाचणी झाली आणि त्यांच्यातला प्रकार दक्षिण आशियातला निघाला. म्हणजे तिच्या आईकडची बाजू इथली असणार.

पण हे जमलं का, ते बघा. मायटोकॉन्ड्रियल डीएनए फक्त आईकडून मिळतो. एलायझापासून मुलगी, तिची मुलगी, तिची मुलगी अशी बायकांची साखळी न तुटता आजपर्यंत आली, म्हणून उत्तर मिळालं. आपली ‘पत्नी पहिली’ मूल न होता गेली असेल, तर तिचा अंशही आपल्यात नाही. मुलगाच झाला असेल, तरी साखळी तिथेच थांबते. आणि डीएनए नाव सांगत नाही. नाव सांगायला कुणीतरी ते लिहून ठेवलेलं असावं लागतं, किंवा लक्षात ठेवलेलं.

इथे मॉरिशसची गोष्ट आठवते. इंग्रजांच्या काळात मुंबई इलाख्यातून, रत्नागिरीसारख्या भागातून माणसं करारावर मॉरिशसला मजुरीला गेली. त्यांची रजिस्टरं आज तिथल्या मोका गावातल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. मजूर म्हणून गेलेल्या बाईला त्यात स्वतःचा नंबर आहे. नाव, वय, गाव आहे, काही जणींचे फोटोही आहेत. हा हिशेब मजुरांचा होता, माणुसकीचा नव्हे. तरी नीट विचार केला की चमकायला होतं. समुद्रापलीकडे उसाच्या मळ्यात गेलेली बाई कागदावर सापडते आणि वाड्यात, घरात राहिलेली बाई सापडत नाही.

तुम्ही काय करू शकता?

सुरुवात कागदापासून करू नका, घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईपासून करा. आजोबा पराक्रम सांगतात. आजी, मावशीआजी, आत्याआजी नाती सांगतात. ‘तुमच्या सासूबाईंच्या सासूबाई कोण?’, ‘त्यांचं माहेर कुठलं?’, ‘लग्नाआधी त्यांना काय म्हणायचे?’, ‘दुसरेपणावर कुणाला दिलं होतं?’ एवढे चार प्रश्न पुरेत. उत्तरं रेकॉर्ड करा. कुणी सांगितलं आणि कधी सांगितलं, तेही लिहा.

एका पुराव्यावर नाव पक्कं करू नका. गंगा, यमुना, सखू, राधा ही नावं तेव्हा घरोघर होती. दोन वेगळ्या ठिकाणी तेच नाव, त्याच नवऱ्यासोबत आलं, तरच वहीत शाईने लिहा. तोवर पेन्सिल. चोपडीचा किंवा टाकाचा फोटो काढण्याआधी विचारा. आणि घरात काही गोष्टी अशा निघतील की ज्यांवर वडीलधारे गप्प होतील. सोडून दिलेली बायको, विहिरीत सापडलेली सून. तेव्हा रेकॉर्डिंग बंद करा आणि फक्त ऐका.

महाराष्ट्रात १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर बाळाचं नाव, मग आईचं नाव, मग वडिलांचं नाव, मग आडनाव असं लिहिलं जाईल. त्यांच्या पणतवंडांना आपल्याइतकं शोधावं लागणार नाही. आपण मधल्या पिढीतले. आपल्या मागच्या चार पिढ्यांतल्या बायकांची नावं अजून कुणाच्या तरी तोंडात आहेत, आणि ते तोंड आज ऐंशी-नव्वद वर्षांचं आहे. सातबारा पुढच्या वर्षीही तहसीलमध्ये मिळेल. आजीला मात्र या शनिवारीच फोन करा.